बाण

मेरन ड्रेव्हर चित्रं काढते, मी त्यांना चौकटी करतो.
आधी होड्या करायचो.
आता लाकडाची होडी कुणी मागत नाही.
वेस्ट्रे बेटावर झाड म्हणावं असं झाड नाही,
लाकूड बाहेरून यायचं,
नाहीतर समुद्रानं आणून टाकायचं.
मेरनला ते टाकलेलंच हवं असतं.
खिळ्यांची भोकं बुजवू नकोस, म्हणते.

दर खेपेला मी विचारतो, वरची बाजू कुठली?
ती हसत नाही. पाठीमागे खडूनं एक बाण काढते
आणि सायकल ढकलत निघून जाते,
वाऱ्याला खांदा लावून.

चित्रात काय असतं?
एक राखाडी. त्याखाली दुसरं राखाडी, जरा जड.
कधी कडेला एक पिवळा ओरखडा,
दार लोटताना कुणी दिवा विसरल्यासारखा.
कधी नुसतं हिरवट काळं, सुरीनं खरवडलेलं,
त्यात वाळू, खरीखुरी.
एकदा तर शिंपल्याची कपची माझ्या अंगठ्यात घुसली.
घर नाही, मेंढी नाही, पक्षी नाही.
उन्हाळ्यात येणारे पाहुणे मान तिरकी करतात,
मग बायकोकडे बघतात,
आणि शेवटी दीपगृहाचं टपालकार्ड घेऊन जातात.

मीही त्यांच्यातलाच, खोटं कशाला बोलू.
बारा वर्षं मापं घेतली. लांबी, रुंदी, जाडी.
नजर कडेकडेनं फिरली, आत गेली नाही.

मग मार्चमध्ये एडविन फूबिस्टर आला,
फाटकाची मोडकी बिजागरी घेऊन.
बुटांना शेण, टोपीतून पाणी.
हवेबद्दल बोलला, म्हणजे तक्रार केली.
मेरनचं चित्र भिंतीशी टेकलेलं होतं,
आडवं, जागा नव्हती म्हणून.
बोलता बोलता तो थांबला.
जवळ गेला. दोन्ही हात पँटला पुसले,
आणि अडलेल्या मेंढीच्या पोटात
कोकरू वळवावं
तसं सावकाश ते वळवून उभं केलं.

पाठ त्यानं पाहिलीच नव्हती.
मी नंतर पाहिली. बाण बरोब्बर वर.

"हा वायव्येचा," तो म्हणाला.
"आदल्या रात्री दक्षिणेचा होता, मग फिरला.
ही बघ, जुनी लाट अजून खालून येतेय,
नवी तिच्यावर आडवी चढतेय.
अशात फेरी धक्क्याला लागत नाही."
त्यानं बोट ठेवलं तिथे
मला आजवर रंग दिसत होता.

"तीन दिवस लागली नाही.
विमानही बसून.
एल्सपेथ तिकडे कर्कवॉलला, हॉस्पिटलात,
मी इथे धक्क्यावर.
पिशवीत तिचा चष्मा."

पुढचं तो बोलला नाही.
पुढचं बेटावर सगळ्यांनाच माहीत आहे.
बिजागरीचं किती होईल, विचारलं,
आणि गेला.

संध्याकाळी मेरनला सांगितलं.
ती रंगाची पाटी खरवडत होती, खरवडत राहिली.
"धक्क्यावर कुणी होतं हे मला माहीत नव्हतं.
मी वर होते, पडक्या चर्चच्या भिंतीआड.
हात गारठले होते, म्हणून इतकंच जमलं."
मग बऱ्याच वेळानं, जशी काही माझ्यावरच चिडून,
"मी दुःखबिःख काढलं नव्हतं हां.
वारा काढला होता."

चौकट अजून केलेली नाही.
चार फळ्या कापून ठेवल्यात, जुळवायला हात होत नाही.
एडविनचं फाटक आता आपटत नाही,
त्याचे मी पैसे घेतले.

काल धक्क्यावरून येताना उगाच थांबलो.
एक राखाडी. त्याखाली दुसरं, जरा जड.
मान सरळ ठेवून बघत राहिलो, कान बधिर होईपर्यंत.
कडेला पिवळं काही उमटतंय का, वाट पाहिली.
नाही उमटलं.
दुकान बंद व्हायच्या आत दूध आणायचं होतं.